गळ्यातील गाठ कोणी बांधावी?

या लेखाचा विषय पाहून कित्येक वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची मला कल्पना आहे. धम्म, प्रतिज्ञा, राखीव जागा, जातीचे दाखले असे गंभीर विषय समोर असताना नेकटाय नीट कसा बांधावा, यावर पाक्षिकाची पाने कशासाठी खर्ची घालावयाची? परंतु गेल्या काही महिन्यांत निरनिराळ्या विहारांत हाच प्रश्न तीन वेगवेगळ्या तोंडांनी माझ्यापुढे आला. एका वयोवृद्ध उपासकांचे म्हणणे असे की, परमपूज्य बाबासाहेबांचा वेष तोच आपला वेष. सबब १४ एप्रिलला प्रत्येक बौद्ध पुरुषाने कोट-टाय घातलाच पाहिजे. त्यांच्याच शेजारी बसलेल्या एका महाविद्यालयीन तरुणाने त्यावर तत्काळ उत्तर दिले की, टाय ही इंग्रजी गुलामगिरीची दोरी आहे. ती गळ्यात अडकवून कसली आली मुक्ती? हा वाद बराच रंगला. नंतर चपला घालताना, नुकतीच दीक्षा घेतलेल्या एका कुटुंबातील माउलीने मला बाजूला घेऊन विचारले, "भाऊ, पोराची सोमवारी मुलाखत आहे. टाय आणलाय, पण तो बांधायचा कोणी?"

माझ्या मते या तिघांत खरा प्रश्न त्या माउलीचाच होता. त्याचे उत्तर देण्यापूर्वी मात्र थोडे मागे गेले पाहिजे.

आपल्या गळ्याला काही इतिहास आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी १९३६ साली जे भाषण लिहिले, आणि जे त्या मंडळाने होऊ दिले नाही, त्यात त्यांनी पेशवाईतील पुण्याची आठवण दिली आहे. अस्पृश्याने थुंकावे ते गळ्यात बांधलेल्या मडक्यात आणि चालावे ते कमरेला बांधलेल्या झाडूने आपल्याच पावलांचे ठसे पुसत, अशी तेथील शिस्त. त्याच ठिकाणी त्यांनी आणखी एका गोष्टीचा उल्लेख केला आहे, जी मडक्याइतकी लोकांच्या ध्यानात राहिलेली नाही. अस्पृश्याने मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा बांधावा, म्हणजे चुकून स्पर्श होऊन स्पृश्य माणूस विटाळणार नाही. एका साध्या दोऱ्याकडून एवढे मोठे काम करून घेण्याची ही बुद्धी ज्यांना सुचली, त्यांना वस्त्राचे सामर्थ्य आपल्यापेक्षा अधिक कळत होते, असे म्हणावे लागते. चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे ल्यावीत, असे मनुस्मृतीचा दहावा अध्याय सांगतो. इंदूर संस्थानातील बलाई लोकांना १९२८ सालच्या सुमारास तेथील सवर्णांनी जी फर्माने सोडली, तीही बाबासाहेबांनी याच भाषणात नोंदविली आहेत. जरीकाठी पागोटे घालू नये, रंगीत काठाचे धोतर नेसू नये, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत! ज्यांच्या घरी दोन वेळच्या अन्नाची वानवा, त्यांच्या धोतराच्या काठावर एवढी कडक नजर! त्रावणकोरात नाडार स्त्रियांना अंगभर वस्त्र घेण्याची मुभा मिळावयास १८५९ साल उजाडावे लागले. तीही, सवर्ण स्त्रियांच्या धर्तीवर वस्त्र घ्यावयाचे नाही, या अटीवर.

हे सर्व जुने झाले, असे कोणी म्हणेल. तर २०२३ साली गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात चांगले कपडे आणि काळा चष्मा घातला, एवढ्या कारणावरून एका दलित तरुणाला मारहाण झाल्याची फिर्याद पोलिसांत नोंदली गेली. म्हणजे कोणी काय घालावे हे ठरविण्याचा अधिकार आपला आहे, असे मानणारी माणसे अद्याप शिल्लक आहेत.

या अधिकारावर पहिला जाहीर घाव बाबासाहेबांनी महाडला घातला. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले आणि त्याच परिषदेच्या दिवसांत त्यांनी स्त्रियांना स्वतंत्रपणे उद्देशून भाषण केले. तुमची लुगडे नेसण्याची रीत आणि अंगावरचे जडजड दागिने हीच तुमच्या अस्पृश्यतेची ओळख झाली आहे, ती पुसून टाका, कपडा फाटका असला तरी चालेल पण तो स्वच्छ असू द्या, असा त्या भाषणाचा आशय होता. लागलीच कित्येक जणींनी नेसण्याची पद्धत बदलली. एका बाजूने शास्त्राचे ग्रंथ जळत आहेत आणि दुसऱ्या बाजूने लुगड्याचा घोळ घोट्यापर्यंत उतरतो आहे. ही दोन कामे एकाच परिषदेत झाली, हा योगायोग नव्हे. नेकटायचा विषय मला क्षुल्लक वाटत नाही तो यामुळेच.

आता टाय ही इंग्रजी गुलामगिरीची निशाणी आहे, या आक्षेपाकडे वळू. टाय मुळात इंग्रजांचा नाहीच. सतराव्या शतकात युरोपात जे तीस वर्षांचे युद्ध झाले, त्या काळात फ्रान्सच्या राजाच्या चाकरीत आलेले क्रोएशियाचे शिपाई गळ्याभोवती रुमालवजा पट्टी गुंडाळीत. पॅरिसच्या लोकांना ती आवडली. क्रोएशियन या शब्दावरूनच तिला 'क्रावात' हे नाव पडले. म्हणजे दरबारी लोकांनी शिपायांचे अनुकरण केले, आणि पुढे सगळे जग दरबारी लोकांचे अनुकरण करू लागले. आज आपण जो टाय पाहतो, त्याचे शिवणकाम तर न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ या कारागिराचे. १९२० नंतरच्या दशकात त्याने कापड तिरपे कापून तीन तुकडे जोडण्याची युक्ती काढली, त्यामुळे गाठ सोडल्यावर टाय पुन्हा सरळ होऊ लागला. आपल्याकडे विनोदाने त्याला 'कंठलंगोट' म्हणतात. म्हणोत बापडे. ज्या वस्त्राला शास्त्राने कोणासाठी राखून ठेवलेले नाही आणि कोणाला नाकारलेलेही नाही, ते आपल्यासाठी इतर पुष्कळ वस्त्रांपेक्षा अधिक निर्मळ आहे. तो बांधताना मुहूर्त लागत नाही आणि भटजीही लागत नाही.

१९३१ साली दुसऱ्या गोलमेज परिषदेस गांधीजी पंचा नेसून गेले आणि बाबासाहेब सुटाबुटात गेले, यावरून आजही टोमणे ऐकू येतात. वस्त्राचा त्याग करण्याचे मोठेपण ज्याच्यापाशी वस्त्र होते त्यालाच मिळू शकते. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या उघडे ठेवले गेले, त्याने उघडे राहण्यात कसला त्याग आला? तेथे पूर्ण पोशाखात उभे राहणे हेच निवेदन होते. तथापि याच बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास दीक्षा घेतली ती शुभ्र वस्त्रे परिधान करून, आणि लाखो लोक त्यांच्यासमोर पांढऱ्या कपड्यांत बसले होते. यावरून आमच्या त्या वयोवृद्ध उपासकांनाही नम्रपणे सांगावेसे वाटते की, कोट-टाय हा बाबासाहेबांनी घालून दिलेला गणवेश नाही. बावीस प्रतिज्ञांत टायची प्रतिज्ञा नाही. कोणत्या प्रसंगी काय घालावे, हे त्यांनी स्वतः ठरविले. आपणही स्वतः ठरवावे. चौकातल्या पुतळ्याचा टाय दरवर्षी लाल रंगाने रंगवावा आणि त्याच वस्तीत एकाही मुलाला टायची गाठ येऊ नये, ही स्थिती मला बेचैन करते.

येथे माझ्या बालपणीची एक हकीकत सांगणे भाग आहे. मुंबईच्या ज्या चाळीत मी वाढलो, त्या चाळीत मिळून एकच टाय होता. तपकिरी रंगाचा, बारीक तिरप्या रेघांचा. कोणीतरी तो चोरबाजारातून आणला होता, आणि शेजारच्या इमारतीतील एका गोवेकर वाद्यवादकाने त्याला एकदाच गाठ मारून दिली होती. ती गाठ पुढे कित्येक वर्षे कोणी सोडली नाही. मुलाखत आली की मुलगा त्या घरी जाई, दाराआड खिळ्याला अडकविलेला टाय घेई, फास सैल करून डोक्यावरून गळ्यात घाली, आणि संध्याकाळी तसाच परत आणून अडकवी. सगळे त्या गाठीला जपत. गाठ मळली, चपटी झाली, तिच्यावर तेलकट चकाकी आली, परंतु ती सोडण्याची कोणाची छाती झाली नाही. कारण सोडली तर पुन्हा बांधणार कोण?

एके दिवशी त्या घरातल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीने, वस्तू मळली आहे असे पाहून, टाय सोडून धुतला. दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावरचा मुलगा मुलाखतीसाठी टाय न्यावयास आला, तेव्हा त्याच्या हाती एक ओली पट्टी आली. गोवेकर वादक तोवर गावी निघून गेला होता. चाळभर शोध झाला; तिघाचौघांनी प्रयत्न केले; एकाने तर धोतराच्या कनवटीला मारतात तशी गाठ मारून दिली. शेवटी तो टायवाचूनच गेला. मुलाखतीत त्याला त्याविषयी कोणी काही विचारले नाही. परंतु आपला हात सारखा गळ्याकडे जात होता, असे त्याने परत आल्यावर सांगितले. नोकरी त्याला मिळाली नाही. टाय नव्हता म्हणूनच मिळाली नाही, असे मी म्हणणार नाही. मुलीला मात्र पुष्कळ बोलणी खावी लागली. ती गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या शिंप्याकडे गेली आणि तीन संध्याकाळी त्याच्या पायमशीनजवळ बसून गाठ शिकून आली. त्यानंतर चाळीतला टाय रोज सोडून ठेवला जाऊ लागला. मला गाठ शिकविली ती तिनेच.

तिने शिकविली ती रीत पुढे देतो. वाचून समजणार नाही. आरशासमोर उभे राहून, हातात टाय घेऊन वाचावे.

सदऱ्याचे गळ्याचे बटण प्रथम लावावे. ते न लावता बांधलेला टाय कितीही चांगला असला तरी दुपारपर्यंत एका बाजूला कलतो. कॉलर उभी करावी. टाय मानेभोवती असा टाकावा की शिवण अंगाकडे राहील, रुंद टोक उजव्या बाजूस आणि अरुंद टोक डाव्या बाजूस येईल. रुंद टोक अरुंद टोकापेक्षा सुमारे एक फूट खाली लोंबू द्यावे. उंच माणसाने थोडे अधिक, ठेंगण्याने थोडे कमी. आता रुंद टोक अरुंद टोकाच्या वरून डावीकडे न्यावे. मग ते अरुंद टोकाच्या मागून उजवीकडे आणावे. पुन्हा एकदा पुढून डावीकडे न्यावे. या वेळी पुढे जो आडवा पट्टा तयार होतो, त्याच्याखाली डाव्या हाताचे एक बोट घालून ठेवावे, कारण शेवटचे काम त्यालाच आहे. आता रुंद टोक गळ्याच्या वेढ्यातून खालून वर काढावे आणि बोटाने मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यामधून सरळ खाली ओवावे. बोट काढून घ्यावे. गाठ एका हाताने धरून रुंद टोक हलके खाली ओढावे, आणि मग अरुंद टोक धरून गाठ वर सरकवावी, बटण झाकेपर्यंत. कॉलर पाडावी.

नवशिक्याची चूक बहुधा लांबीत होते. रुंद टोकाचे अणकुचीदार तोंड कमरेच्या पट्ट्याच्या बकलाला टेकले पाहिजे. ते बेंबीच्या वर राहिले तर सुरुवातीला रुंद बाजू आणखी लांब घ्यावी. बकलाखाली गेले तर आखूड घ्यावी. पहिल्यांदा बरोबर येणार नाही, तिसऱ्यांदा येईल. गाठ घट्ट करण्यापूर्वी तिच्या लगेच खाली मधोमध तर्जनीने दाब दिला की कापडात एक छोटी खळी पडते. नीट बांधलेला टाय ओळखावयाचा तो याच खळीवरून. अरुंद टोक रुंद टोकाच्या पाठीमागे शिवलेल्या आडव्या पट्टीत ओवून टाकावे, म्हणजे ते वाऱ्यावर डोकावणार नाही. घरी आल्यावर ज्या क्रमाने बांधला त्याच्या उलट क्रमाने सोडावा. फास सैल करून डोक्यावरून काढू नये, आणि गाठ तशीच ठेवू नये. कापडाला कायमची सुरकुती पडते. रेशमी टाय असेल तर पाण्यात घालू नये. त्या मुलीच्या नशिबाने चाळीतला टाय रेशमी नव्हता.

ही सर्वांत साधी गाठ. केंब्रिजच्या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी १९९९ साली गणित मांडून टायच्या ८५ गाठी संभवतात असे दाखविले; आपणास एक पुरे. रुंद त्रिकोणी गाठीला लोक विंडसरच्या ड्यूकचे नाव देतात. गंमत अशी की ड्यूक महाशय स्वतः जाड कापडाच्या टायला ही साधीच गाठ मारीत. तिचा भरदारपणा आपल्याला साधावा म्हणून इतरांनी ती दुहेरी वेढ्यांची गाठ काढली. अनुकरणाचा हा प्रकार आपल्याकडेच आहे असे नव्हे.

वेषाच्या नीटनेटकेपणाचे हे कौतुक धम्माशी विसंगत आहे काय? भिक्षूंच्या आचाराचे जे ७५ सेखिय नियम विनयात आहेत, त्यांतला पहिलाच नियम अंतर्वासक चोहोंकडून सारखा नेसण्याविषयी आणि दुसरा उत्तरासंग तसाच पांघरण्याविषयी आहे. एक बाजू लोंबते आहे, एक वर चढली आहे, असे चीवर चालत नाही. सर्वस्वाचा त्याग केलेल्या भिक्षूच्या शिक्षणाचा प्रारंभ वस्त्र सारखे करण्यापासून व्हावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. आणि ते चीवरही तुकडे जोडून शिवलेले. मगधातील भातखाचरांचे बांध पाहून आनंदांनी त्याची आखणी केली, असे विनयात आले आहे. तेथे वस्त्राची किंमत मोजलेली नाही, नेसण्यातील लक्ष मोजले आहे.

किमतीचा विषय निघालाच आहे तर एक कटू गोष्ट बोलून घेतो. आपल्या लग्नांत नवरदेवाच्या सुटासाठी व्याजाने पैसे काढण्याची चाल वाढत आहे. भर मे महिन्यात, पत्र्याच्या मांडवाखाली, भाड्याच्या जाड कोटात घामाघूम झालेला मुलगा आणि गळ्यात दुकानदाराने अडकविलेला रबरी पट्ट्याचा टाय! यात बाबासाहेबांचे अनुकरण काही नाही. बुद्धांनी सिगालाला सांगितलेला हिशेब गृहस्थांनी स्मरावा: मिळकतीचे चार भाग करावेत, एक उपभोगावा, दोन उद्योगात घालावेत, चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवावा. या चारांत सावकाराचा पाचवा भाग नाही. स्वच्छ धुतलेला पांढरा सदरा, इस्त्रीची विजार आणि एक साधा टाय, एवढे कोणत्याही मुलाखतीला पुरते. आणि टायवाचूनही पुरते. टाय गळ्यात असला म्हणजे माणूस मोठा झाला, असेही मानू नये. उपाहारगृहातल्या वाढप्याच्या गळ्यात तो असतो, सोसायटीच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या गळ्यातही असतो, आणि बारा तास उन्हात तो सोडण्याची त्याला परवानगी नसते. तोच टाय, तीच गाठ. फरक एवढाच की ती केव्हा बांधावी आणि केव्हा सोडावी, हे दुसरा ठरवितो.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. टाय घालण्याची सक्ती कोणी कोणावर करू नये, आणि घालणाऱ्याची टिंगलही करू नये. परंतु आपल्या घरातील प्रत्येक मुलाला आणि मुलीला ही गाठ बांधता आणि सोडता आली पाहिजे. मुलींना कशासाठी, असे विचारणाऱ्यांनी आपल्या मुलींच्या शाळांचे गणवेश एकदा पाहावेत. आणि चाळीतली गाठ कोणी शिकून आणली, तेही आठवावे. शाळेत रबरी पट्ट्याचा तयार टाय मिळतो, तो घेऊ नये असे मी म्हणत नाही. लहान मूल सकाळी घाईत असते. पण आठवीनववीच्या मुलाने तरी आपल्या गळ्यातील गाठ आपल्या हाताने मारावी.

हे शिकविण्याची जागा विहार हीच आहे. रविवारी वंदना झाल्यावर पंधरा मिनिटे पुरतात. दोन-तीन जुने टाय आणि एक आरसा एवढेच साहित्य लागते. न्यायालयात, बँकेत, विमानतळावर नोकरी करणारे आपले बांधव प्रत्येक वस्तीत आहेत, त्यांच्या कपाटांत न वापरलेले टाय पडून असतात. त्यांनी ते विहारात आणून द्यावेत, मात्र गाठ सोडून. त्या माउलीचा मुलगा रविवारी संध्याकाळी माझ्याकडे आला होता. सहा वेळा बांधला, सहा वेळा सोडला. सातव्या वेळी खळी पडली, तेव्हा त्याने आरशातून माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता तो पुन्हा सोडला, सकाळी घरी बांधण्यासाठी.